नोंगसॉलियाची मंडळी: सोहराच्या पहिल्या प्रेस्बिटेरियन चर्चबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेघालयात फिरून आलेले लोक धबधबे आणि मुळांचे पूल यांबद्दल भरभरून बोलतात. पण ज्यांचा एखादा रविवार सोहरात गेला, ते वेगळंच विचारतात. सगळी दुकानं बंद का होती? एवढ्याशा गावात इतकी माणसं एका सुरात कशी गात होती? फलकावर वेल्सचं नाव कशाला? असे प्रश्न माझ्याकडे सतत येत राहतात, म्हणून त्यांची उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतो आहे. एकाच गोष्टीचा संबंध दोन प्रश्नांशी येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

एक शब्द आधी. आपल्याकडचे मराठी ख्रिस्ती लोक चर्चला 'मंडळी' म्हणतात. इमारत ती चर्च किंवा देऊळ, आणि माणसं ती मंडळी. खाली 'मंडळी' हा शब्द याच अर्थाने येईल.

१. नोंगसॉलिया नेमकं कुठे आहे? चेरापुंजीच ना ते?

हो, चेरापुंजीचाच एक भाग. स्थानिक लोक गावाला सोहरा म्हणतात. 'सोहरा'चं इंग्रजांच्या तोंडी 'चेरा' झालं आणि त्याला 'पुंजी' जोडलं गेलं. शिलाँगपासून साधारण ५४ किलोमीटर. नोंगसॉलिया ही सोहराची एक वस्ती आहे आणि खासी डोंगरांतली पहिली प्रेस्बिटेरियन मंडळी १८४६ मध्ये इथे उभी राहिली. आज ईशान्य भारतात हजारो प्रेस्बिटेरियन मंडळ्या आहेत. त्यांपैकी खासी-जैंतिया डोंगरांतल्या मंडळ्या आपलं मूळ याच जागी सांगतात.

२. प्रेस्बिटेरियन म्हणजे काय? कॅथलिकांपेक्षा वेगळं काय असतं?

'प्रेस्बुतेरोस' हा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ वडील माणूस. नावातच सगळं आलं. या चर्चमध्ये बिशप नसतो. मंडळी आपल्यातूनच वडील निवडते, आणि पाळक (म्हणजे पास्टर) व वडील मिळून कारभार पाहतात. अनेक मंडळ्यांची मिळून प्रेस्बिटरी, तिच्या वर सिनड, त्याच्याही वर असेंब्ली. खासी भाषेत मंडळीला 'बालांग' म्हणतात आणि वडिलांना 'तिम्मेन बासान'.

ही पद्धत खासी गावांना परकी वाटली नसावी असं मला वाटतं. गावाचा कारभार 'दरबार श्नोंग' म्हणजे गावसभाच पाहत असे, आणि चार जाणत्यांनी बसून निर्णय घ्यायची सवय तिथे आधीपासून होती. वरून नेमलेल्या धर्माधिकाऱ्यापेक्षा निवडलेले वडील लवकर आपलेसे झाले असतील, तर त्यात नवल नाही.

३. मिशनरी इंग्लंडचे होते की वेल्सचे?

वेल्सचे, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. वेल्श लोकांची भाषा वेगळी, आणि इंग्रजीच्या दडपणाखाली ती टिकवण्याची त्यांची स्वतःची धडपड होती. स्वतःच्या भाषेत पवित्र शास्त्र वाचण्याचं मोल त्यांना ठाऊक होतं.

या मंडळीचा पाया घालणारे मिशनरी थॉमस जोन्स यांचा जन्म १८१० चा, वेल्सच्या माँटगोमेरीशायरचा. ते सुताराचा मुलगा, स्वतःही सुतारकाम केलेले. लंडन मिशनरी सोसायटी त्यांच्या प्रकृतीकडे पाहून त्यांना भारतात पाठवायला तयार नव्हती. तेव्हा वेल्श मंडळ्यांनी जानेवारी १८४० मध्ये लिव्हरपूलला स्वतःचीच मिशन संस्था काढली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जोन्स पत्नी ॲनसह 'जमैका' जहाजाने निघाले, एप्रिल १८४१ मध्ये कलकत्त्याला उतरले आणि २२ जून १८४१ रोजी सोहराला पोचले. ऐन पावसाळ्यात, तेही सोहराच्या. पुढे ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत याच गावात २६,४६१ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला आणि तो विक्रम आजही टिकून आहे.

४. जुन्या कागदांत 'मेथडिस्ट' असं लिहिलेलं दिसतं. ती चूक आहे का?

नाही. या वेल्श चर्चचं त्या काळातलं नाव 'कॅल्विनिस्टिक मेथडिस्ट' होतं. पुढे तेच 'प्रेस्बिटेरियन चर्च ऑफ वेल्स' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. भारतातल्या मेथडिस्ट चर्चशी नोंगसॉलियाचा संबंध नाही.

५. थॉमस जोन्स हेच तिथले पहिले मिशनरी का?

नाही, जरी तसं सर्रास सांगितलं जातं. त्यांच्या आधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या बाप्तिस्त मिशनने प्रयत्न केला होता. अलेक्झांडर लिश १८३२ मध्ये सोहराला आले, त्यांनी शाळा चालवल्या. १८३८ मध्ये ते काम थांबलं. श्रीरामपूरकरांनी खासी भाषा बंगाली लिपीत छापली होती.

हे श्रीरामपूर आपल्याला अनोळखी नाही. तिथले मिशनरी विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये तिथूनच निघालं आणि १८१० चा त्यांचा मराठी कोश मोडी टायपात छापला गेला तोही तिथेच.

६. मग खासी भाषा रोमन लिपीत कशी गेली? बंगाली का टिकली नाही?

माझ्या मते या मंडळीच्या सगळ्या इतिहासात हाच भाग सर्वांत मोलाचा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

खासी लोकांची एक जुनी गोष्ट आहे. देवाने एका खासी माणसाला आणि एका मैदानातल्या माणसाला एकेक पोथी दिली. परतताना नदीला पूर आलेला. मैदानातल्या माणसाने पोथी शेंडीला बांधली आणि पोहत गेला. खासी माणसाने पोथी तोंडात धरली. लाटांशी झुंजताना ती तो गिळून बसला. तेव्हापासून खासींचं सगळं ज्ञान पोटात, म्हणजे तोंडी, राहिलं. अक्षर हरवल्याची खंत जपणारा हा समाज होता.

जोन्स यांनी बंगाली लिपी बाजूला ठेवली आणि कानाला ऐकू येतं ते रोमन अक्षरांत उतरवायला घेतलं. पण ती अक्षरं इंग्रजी वळणाची नव्हती, वेल्श वळणाची होती. खासी मुळाक्षरं आजही ए, बी, के, डी अशी म्हणतात. तिसऱ्या जागी 'सी' नाही, 'के' आहे, कारण वेल्शमध्ये त्या जागेवरच्या 'सी'चा उच्चार 'क'च होतो. 'जी'नंतर लगेच 'एनजी' हे जोडाक्षर स्वतंत्र अक्षर म्हणून येतं, वेल्श वर्णमालेत येतं तसंच. 'वाय' हे अक्षर एका तोकड्या, दबक्या स्वरासाठी वापरतात, तीही वेल्श सवय. एकूण २३ अक्षरं. शिलाँगच्या रस्त्यावरची पाटी इंग्रजी समजून वाचायला गेलात तर जीभ अडखळते. वेल्सच्या माणसाची बहुधा कमी अडखळेल!

सोहरा, मावस्माई आणि मावम्लूह इथे शाळा सुरू झाल्या. १८४२ मध्ये पहिलं खासी वाचनपुस्तक छापून आलं. संपूर्ण बायबल खासीत यायला १८९१ साल उजाडलं. पण बायबलच्या पलीकडे पाहा: आज खासी भाषेत जे वर्तमानपत्र निघतं, जी कविता लिहिली जाते, ख्रिस्ती नसलेला खासी माणूस जी निमंत्रणपत्रिका छापतो, ती सगळी याच अक्षरांत.

७. लोकांना पैसे देऊन किंवा धाक दाखवून ख्रिस्ती केलं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि कधी कधी त्यात उत्तरही धरलेलं असतं. मी तारखा मांडतो. जोन्स जून १८४१ मध्ये आले. पहिला बाप्तिस्मा झाला ८ मार्च १८४६ रोजी, नोंगसॉलियाला. बाप्तिस्मा घेणारे दोन: उ आमोर आणि उ रुजोन. ('उ' हे खासीत पुल्लिंगी नामाआधी येतं, स्त्रीलिंगी नामाआधी 'का'.) जवळजवळ पाच वर्षांत दोन माणसं. पैशाने किंवा धाकाने काम झालं असतं तर हिशोब वेगळा दिसला असता.

लोकांना खरी ओढ होती ती शाळेची. पण शाळा तटस्थ होती असंही नाही. वाचायला शिकायचं ते बहुतांशी पवित्र शास्त्राच्या मजकुरावरच, आणि मिशनने हा हेतू कधी लपवला नाही. जोन्स यांनी करवत चालवायला शिकवलं, चुन्याच्या भट्टीत लाकडाऐवजी दगडी कोळसा जाळायला दाखवलं, तेही लोकांना उपयोगी पडलं. दुसरीकडे, कुळाचे विधी सोडणाऱ्यांना घरच्यांचा मोठा विरोध सोसावा लागला. तो विरोध कशापायी होता ते प्रश्न १२ मध्ये आहे.

८. इंग्रज सरकार मिशनच्या पाठीशी होतंच ना?

सरसकट नाही. १८२९ ते १८३३ या काळात उ तिरोत सिंग यांच्या नेतृत्वाखाली खासींनी इंग्रजांशी लढा दिला होता. त्या जखमा ताज्या असतानाच मिशनरी आले. त्यांना इंग्रजी सत्तेच्या संरक्षणाचा फायदा झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सोहरातले इंग्रज आणि पहिला मिशनरी यांचं किती वाकडं आलं, ते पुढच्या उत्तरात वाचा.

९. थॉमस जोन्सना मिशनने काढून टाकलं होतं, हे खरं का?

खरं आहे. त्यांच्या नावाने पाळल्या जाणाऱ्या दिवशी होणाऱ्या भाषणांत हे फारसं सांगितलं जात नाही, पण सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

१८४५ मध्ये ॲन जोन्स बाळंतपणानंतर वारल्या. पुढे जोन्स यांनी एमा कॅटल या फारच लहान वयाच्या मुलीशी लग्न केलं. ती तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची होती. ते आपल्या व्यापारी उद्योगांत गुंतत चालल्याचीही मिशनकडे तक्रार होती. १८४७ मध्ये संस्थेने त्यांच्याशी संबंध तोडले.

त्याच सुमारास त्यांनी हॅरी इंग्लिस या व्यापाऱ्याशी उघड वैर घेतलं. चुनखडी आणि संत्र्यांच्या व्यापारावर इंग्लिसची पकड होती, आणि तिथला सर्वोच्च इंग्रज अधिकारी कर्नल लिस्टर हा त्याचा सासरा. खासी माणसाने दाद मागायची ती कुणाकडे? तक्रार ज्याच्याविरुद्ध, निवाडा त्याच्याच घरात. जोन्स यांनी या जुलुमाविरुद्ध लिहिलं, बोलले, आणि मग इंग्लिसने त्यांचा पिच्छा पुरवला. ते डोंगर सोडून पळाले, हिवतापाने खंगले आणि १६ सप्टेंबर १८४९ रोजी कलकत्त्यात वारले. वय ३९. तिथल्या स्कॉटिश कबरस्तानात त्यांना पुरलं.

दुसऱ्या लग्नाचं समर्थन मी करणार नाही. पण इंग्लिसविरुद्ध उभं राहणं हे त्यांच्या आयुष्यातलं लिपीइतकंच मोठं काम होतं असं मी मानतो, आणि ते त्यांनी मिशनचा आधार सुटल्यावर केलं. आज खासी मंडळ्या त्यांच्या कबरीची काळजी घेतात आणि २२ जूनला 'थॉमस जोन्स दिन' पाळतात. ज्यांच्यासाठी ते भांडले, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी त्यांना परत आपलं म्हटलं.

१०. आत्ताची इमारत १८४६ चीच आहे का?

तसं समजून फोटोखाली '१८४६ ची वास्तू' असं लिहू नका. १८४६ हे मंडळीचं साल आहे.

१२ जून १८९७ रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास आसाम आणि मेघालयाचा सगळा टापू हादरला. भारताच्या ज्ञात इतिहासातल्या सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी तो एक. खासी डोंगरांतली दगडी बांधकामं भुईसपाट झाली, त्यात मिशनची चर्च आणि शाळाही गेल्या. नोंदीत एकूण १,५४२ मृत्यू आहेत. सोहराच्या बाजूला डोंगरकडे कोसळून गावंच्या गावं गाडली गेली. दुपार टळलेली, माणसं घराबाहेर होती, नाहीतर आकडा कितीतरी वाढला असता.

त्यानंतर डोंगरात बांधायची रीतच बदलली. लाकडी सांगाडा, बोरूच्या कुडावर गिलावा, वर पत्रा. याला आजही 'आसाम टाइप' घर म्हणतात.

११. १९०५ चं 'संजीवन' काय होतं?

१९०४ मध्ये वेल्समध्ये धार्मिक जागृतीची मोठी लाट आली. तिची बातमी पत्रांतून खासी डोंगरांत पोचली आणि १९०५ मध्ये इथेही प्रार्थनासभा रात्ररात्र चालू लागल्या. लोक रडत, गात, भांडलेले एकमेकांची क्षमा मागत. पुढच्याच वर्षी ही लाट मिझोरामला गेली. मंडळ्यांची संख्या झपाट्याने वाढली ती या काळात, आणि ती वाढवणारे बहुतांशी स्थानिक सुवार्तिक (धर्मप्रचारक) व शिक्षक होते. सोहरात १८८७ पासून ईश्वरविज्ञान शिकवणारं महाविद्यालय होतं, त्यामुळे शिकलेली माणसं हाताशी होती.

१२. खासी समाज मातृवंशीय आहे. ख्रिस्ती झाल्यावर ते बदललं का?

मूळ चौकट नाही बदलली. मुलं आजही आईच्या कुळाचं नाव लावतात. एकाच कुळात लग्न करणं 'सांग', म्हणजे घोर निषिद्ध, हे ख्रिस्ती घरांतही तितकंच कडक आहे. पिढीजात घर सर्वांत धाकट्या मुलीकडे, 'का खात्दुह'कडे, जातं.

पेच पडला तो इथेच. खात्दुहला मिळतं ते नुसतं घर नव्हे, कुळाचे विधी सांभाळण्याची जबाबदारीही तिचीच. तिने बाप्तिस्मा घेतला तर विधी कोण करणार? आणि विधी करणार नसेल तर घर तिचं कसं?

दुसरा पेच मृत्यूचा. खासी परंपरेत दहन करतात, अस्थी गोळा करतात आणि शेवटी कुळाच्या दगडी अस्थिगृहात, 'मावबाह'मध्ये, सगळ्या आया-आज्यांच्या अस्थींशेजारी ठेवतात. ख्रिस्ती माणसाला मात्र पुरलं जातं. म्हणजे मेल्यावरही तो आपल्या माणसांत परत येणार नाही. एखाद्या आईला हे किती लागलं असेल! पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती लोकांना झालेला विरोध केवळ 'अंधश्रद्धा' म्हणून उडवून लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

१३. म्हणजे चर्चने खासी संस्कृती नष्ट केली, असंच ना?

नुकसान झालं. मिशनरींनी जुन्या विधींना आणि नाचांना कमी लेखलं. त्याला उत्तर म्हणून २३ नोव्हेंबर १८९९ रोजी सोळा खासी तरुणांनी 'सेंग खासी' ही संघटना स्थापली. जुना धर्म जपणारी ही संघटना आजही काम करते.

पण 'नष्ट केली' हा शब्द मला पटत नाही. सोसो थाम हे खासींचे सर्वांत मानाचे कवी, जन्म १८७३, सोहराचाच. घर ख्रिस्ती. त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात जे दीर्घकाव्य लिहिलं ते खासींच्या प्राचीन 'सात झोपड्यां'च्या पुराणकथेवर, मिशनच्या शाळेतून आलेल्या अक्षरांत.

आणखी एक लहानशी गोष्ट. उपासना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर जैंसेम नेसलेल्या एका आजींनी मला 'क्वाय' दिलं. कच्ची ओली सुपारी सुरीने अर्धी चिरली, पानाला बोटाने चुना ओढला, पान दुमडून दोन्ही माझ्या तळहातावर ठेवलं. दोन मिनिटांत माझी कानशिलं तापली आणि त्या हसल्या. शेजारी कुणीतरी नुकत्याच गेलेल्या वडिलांबद्दल बोलत होतं. खासीत 'वारले' म्हणायचं असेल तर म्हणतात, 'देवाच्या घरी क्वाय खायला गेले.' हा वाक्प्रचार ख्रिस्ती धर्म येण्याच्या कितीतरी आधीचा आहे, आणि त्या पायऱ्यांवर तो तितक्याच सहज वापरला जात होता.

१४. ख्रिस्ती झाल्यावर खासींचं अनुसूचित जमातीचं आरक्षण जातं का?

नाही. धर्माची अट अनुसूचित जातींना आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार, पुढच्या दुरुस्त्या धरून, तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळतो. अनुसूचित जमातींना अशी अट नाही. आपल्याकडे दलित ख्रिस्ती लोकांचा जो प्रश्न आहे, तो खासींना लागू होत नाही. २०११ च्या जनगणनेत मेघालयातले ७४.५९ टक्के लोक ख्रिस्ती होते.

१५. महाराष्ट्रात प्रेस्बिटेरियन मंडळ्या आहेत का? त्यांचं नोंगसॉलियाशी काही नातं?

मूळ परंपरा एक, घराणी वेगळी. मुंबईत १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन स्कॉटलंडचे. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारणारे नारायण शेषाद्री हे त्याच स्कॉटिश परंपरेतले, जन्माने मराठी ब्राह्मण. कोल्हापूरचं काम अमेरिकनांचं: रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये तिथे आले आणि १८७० मध्ये ते मिशन अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. मिरजेला १८९४ मध्ये सुरू झालेलं डॉ. वॉन्लेस यांचं रुग्णालय त्याच मिशनचं.

दोन फरक ठळक आहेत. मराठीला देवनागरी आणि मोडी आधीपासून होत्या, त्यामुळे प्रश्न ६ मधली गोष्ट इथे घडणं शक्यच नव्हतं. आणि १९७० मध्ये अनेक चर्च एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं, त्यात खासी आणि मिझो प्रेस्बिटेरियन गेले नाहीत. त्यांनी आपलं चर्च वेगळंच ठेवलं.

१६. वेल्सचे मिशनरी अजून तिथे आहेत का?

नाही. शेवटचे १९६९ मध्ये परतले. त्यानंतर सगळा कारभार इथल्याच लोकांचा. वेल्सशी जिव्हाळा मात्र टिकून आहे: 'री खासी' हे खासींचं आवडतं गीत वेल्सच्या राष्ट्रगीताच्या चालीवर गातात. १९२२ मध्ये वेल्श मिशनने शिलाँगला सुरू केलेलं रुग्णालय आता चर्चच चालवतं, त्याला डॉ. गॉर्डन रॉबर्ट्स यांचं नाव आहे.

१७. आम्ही ख्रिस्ती नाही. उपासनेला बसलं तर चालेल का?

चालेल. मागच्या बाकावर शांत बसा, उपासना चालू असताना फोटो काढू नका, आणि सगळे उभे राहतील तेव्हा उभे राहा. उपासना खासीत असते, पण गाण्यासाठी भाषा अडत नाही. रविवारी बाजार बंद असतो, तेव्हा जेवणाची सोय आधी बघून ठेवा. जून ते सप्टेंबर छत्रीचा फारसा उपयोग होत नाही. शेतात काम करणाऱ्या बायका पाठीवर बांबूचं 'क्नुप' घेतात, ते इरल्यासारखं असतं. निघताना 'खुब्लेई' म्हणा. आभार आणि निरोप दोन्हींना हाच शब्द, आणि त्यात 'ब्लेई' म्हणजे देव आहे.